रिळाच्या तळाशी

मंगळवारी सकाळी बाबा गेले.

दिवाळीनंतर मी त्यांची गळाची काठी घेऊन भाटघर धरणाच्या काठावर गेले. दर रविवारी ते इथून होडीने मासे धरायला जात, तेव्हा मी घरी वाचत बसे. आता एकदा तरी त्यांच्या काठीने गळ टाकायचा होता.

काठावर एक म्हातारे गृहस्थ पालथ्या होडीला डांबर लावत होते. मी त्यांना काठी दाखवली. त्यांनी रिळावरचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ओढला आणि डोळे मिटून खालच्या ओठावरून फिरवला. "बोटं राठ झाली. ओठाला खरं कळतंय," ते म्हणाले. "कुजलाय, ताई. मासा लागला की तुटंल, अन् तुमी नावं ठेवाल माशाला."

त्यांनी चाकू उचलला. "सगळा काढू नका," मी घाईने म्हणाले. "तळाची गाठ बाबांनी बांधलीय. ते आता नाहीत."

त्यांनी चाकू खाली ठेवला.

"सगळा कोन काढतंय? खालचा चांगला हाय, त्यो ऱ्हाऊ द्यायचा. नुसत्या रिळावर नवा घसरतोय बगा. त्याला धरायला जुना लागतोय."

खराब झालेला तेवढा कापून त्यांनी जुन्याला मी आणलेला नवा जोडला, तोंडात धरून गाठ ओली केली, आवळली आणि टोक माझ्या हातात दिलं.

"वडा."

मी हळूच ओढलं.

"गोंजारताय काय? मासा लाजंल का तुमाला?"

मग मी सगळा जोर लावला. गाठ सुटली नाही.

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. आता रविवारी मी जाते. रिळावर वर माझा तंगूस आहे, तळाशी बाबांची गाठ आहे.