परीची डुप्लिकेट

टीव्हीवरची ती परी माणसाला मिठी मारून ढगांत जाते ना, ती हिरॉइन नव्हेच, आमची ताई आहे. हिरॉइनला उंचीची भीती वाटते. तिचा चेहरा जमिनीवर घेतात आणि वरचं सगळं प्रेम ताई करते. तेही कापूस भरलेल्या बाहुल्याशी, कारण हिरोलाही भीती वाटते! मी तिचे पंख शिवते, म्हणून खात्रीनं सांगते. सेटवर तिला सगळे घार म्हणतात.

खाली तिचा दोर धरायचा तो दोरवाला. अंगानं धिप्पाड, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी. त्याचा एक नियम होता. दिग्दर्शक कितीही ओरडू दे, ताईनं मांडीवर दोन थापा मारल्याशिवाय तो तिला खाली आणत नसे. वर लटकलेल्यालाच कळतं पट्टा कुठे काचतोय, असं त्याचं म्हणणं. या नियमावरच ताईचा जीव जडला. मी विचारलं, "अगं, बोलतो तरी का तो कधी?" तर म्हणे, "मी बोलते की दोघांचं."

लग्न ठरलं. लगेच त्याच्या आईनं फर्मान काढलं, सुनेनं हे लटकणं बंद करायचं. ताईनं त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" हा गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्पच. माझं तर डोकंच फिरलं.

नेमका तेव्हाच मालिकेत तो प्रसंग आला. परी प्रेमासाठी पंख देऊन टाकते आणि माणूस होते. होणाऱ्या सासूबाई मुद्दाम बघायला आल्या, खुर्ची टाकून ऐटीत बसल्या. ताई वर गेली, बाहुल्याला शेवटची मिठी मारली, शॉट ओके झाला.

"उतरवा तिला," दिग्दर्शक म्हणाला. ताईनं थापा मारल्याच नाहीत.

"काय झालं गं?" मी ओरडले.

"काही नाही. सासूबाईंना विचारायचंय, लग्नानंतर मी कामावर यायचं की नाही?"

"अगं बाई, परीसुद्धा पंख टाकून संसाराला लागली!" सासूबाई कडाडल्या. "तुलाच काय धाड भरलीये?"

"तिला लेखकानं टाकायला लावले. मला हे काम आवडतं. नाही सोडणार म्हणजे नाही सोडणार!" मग तिनं खाली दोरवाल्याकडे पाहिलं. "आता तू बोल. तुझ्या तोंडून ऐकू दे."

सगळं युनिट हातातला चहा विसरून उभं. दोरवाल्याला घाम फुटला, पण दोर तसूभर हलला नाही. शेवटी तो पुटपुटला, "आधी लग्न तर होऊ दे. मग बघू."

ताईनं हात मांडीवर नेला. मग दोन थापा. त्यानं तिला अगदी अलगद उतरवलं. पट्टा सोडत ती सासूबाईंना म्हणाली, "तुम्ही निदान स्पष्ट बोललात, तुमच्यावर राग नाही." आणि त्याला एवढंच म्हणाली, "लग्न मोडलं."

माझ्या शिलाई मशीनमागे बसून ती पोटभर रडली. मी म्हटलं, "या मेल्याला बदलायला सांगते दिग्दर्शकाला." तर नाक पुसत माझ्यावरच खेकसली, "खबरदार! दोर त्याच्यासारखा कोणी धरत नाही. वर असताना जीव देईन त्याच्या हातात. घरात नाही."

पुढे प्रेक्षक कुरकुरले आणि परीला पंख परत मिळाले. मी नवे शिवले. ताई आली, तिनं पट्टा आवळला. दोर त्याच्याच हातात होता. तो काहीतरी बोलायला गेला, पहिल्यांदाच आपणहून.

"आता नको," ताई म्हणाली. "चल, चढव वर."