मुमताज सिस्टरांचा ऊन हात

पेशंटला हात लावायच्या आधी मुमताज सिस्टर आपला हात आपल्याच गालाला लावून बघत. गार लागला, की तळवे खसाखसा चोळत, पुन्हा गालाला लावत आणि मगच पुढे होत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जिथे भिंतीसुद्धा तापलेल्या असतात, तिथे हे कसले सोंग, असे मला पहिल्या दिवशी वाटले होते.

माझ्या वडिलांना, आप्पांना, साखरेचा आजार. चिंचोळीच्या कारखान्यात कामावर असताना बुटात खडा गेला, तो बधिर पायाला दिवसभर कळलाच नाही आणि जखम चिघळली, म्हणून सोलापूरच्या दवाखान्यात ठेवले. डॉक्टरांनी बजावले होते, पाय लांब करून उशीवर उंच ठेवायचा. सूज उतरली नाही तर पाय काढावा लागेल. आणि आप्पा? मुटकुळे करून पडायचे. पाय सरळ करून द्यावा, तर पाठ फिरताच पुन्हा पोटाशी. झोप नाही, जेवण नाही, "मला घरी न्या" एवढाच धोशा. डॉक्टर समजावून थकले. दुखत असेल म्हणून गोळ्या वाढवून झाल्या. मी तर भांडभांड भांडले. पाय काही लांब होईना.

सिस्टर रागावल्या नाहीत. "दुखतंय ते डॉक्टर बघत्यात," त्या नेहमी म्हणायच्या, "खुपतंय ते मी बघते." दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर त्या स्टूल ओढून आप्पांजवळ बसल्या आणि पायाचे नावही न काढता करमाळ्याकडच्या आमच्या गावाचे, घराचे विचारू लागल्या.

"अंगणात बाज कशी टाकता, आप्पा?"

आप्पा हळूच म्हणाले, "हितल्यासारखी न्हाय. हितं पाय दक्षिणेला हायत. यमाच्या दाराकडं लांब कसं करू?"

"मग बोलला का न्हाई?"

"बोलायचं बी भ्या वाटतं. आन पोरगी हसंल की."

मला हसू आले नाही. सिस्टरही हसल्या नाहीत. "आमच्यातबी दिशा असती की," एवढेच म्हणाल्या. डॉक्टरांना विचारून त्यांनी डोक्याची उशी पायथ्याशी आणि पायाखालची उशाशी नेली, सलाईनचा स्टँड फिरवला आणि आप्पांना अख्खेच्या अख्खे उलटे निजवले. आप्पांनी आपणहून पाय उशीवर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत घोरले.

सूज उतरत गेली. पाय राहिला. औषधांनी राहिला, हे मलाही कळते. पण औषधाला तो पाय सापडला त्या दुपारी. जे मला, पोटच्या पोरीला, दिसले नाही, ते या बाईला कसे दिसले, याचे मला अजून नवल वाटते. एकदा मी त्यांना विचारलेही, तुम्ही ओळखलेत कसे?

"मी कुटं ओळखलं?" त्या म्हणाल्या. "विचारलं की."

गेल्या वर्षी आप्पा घरीच, झोपेत गेले. आदल्या दिवशी आपल्या दोन्ही पायांनी देवळात जाऊन आले होते. सिस्टरांना कळवले, तर त्या मिळेल त्या गाडीने गावी आल्या. रीतीप्रमाणे आप्पांना ओसरीवर दक्षिणेकडे पाय करून ठेवले होते. सिस्टर क्षणभर बघत उभ्या राहिल्या. मग पदर सावरून त्यांच्या पायाशी वाकल्या आणि थांबल्या. हात गालाला लावला. तळवे चोळू लागल्या.

"सिस्टर, आता त्यांना काय कळणार?" मी रडतच म्हणाले.

"न कळू दे," त्या म्हणाल्या आणि ऊन झालेला हात त्यांनी आप्पांच्या पावलावर ठेवला.