गुंडण्णा, बिडी!

एकोणीसशे चौतीसच्या पावसाळ्यात बेळगावातल्या एका नव्या कॉलेजाने फुटबॉलचा संघ काढला आणि गुंडू त्याच्या गोलात उभा राहिला. त्याला कोणी पारखून निवडले होते असे नाही. बाकीच्यांना पळायची हौस होती, आणि निपाणीच्या तंबाखू-बिडीवाल्या आण्णाप्पांचा हा मुलगा अंगाने असा होता की नुसता उभा राहिला तरी निम्मा गोल झाकला जाई. संघाचे प्रमुख गोपाळराव संस्कृतचे प्रोफेसर. टिळकवाडीहून छत्री घेऊन येत. त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. चुकून लागलाच तर ते वाकून नमस्कार करत.

पहिलीच मॅच कॅम्पातल्या पलटणीशी. गुंडूच्या पुढे बॅकला संकेश्वरचा बसाप्पा होता. घरी कन्नड बोलणारा, आणि वळणाचा इतका चांगला की वर्षभराने मोठ्या असलेल्या गुंडूलाही तो अहोजाहो करी. चेंडू गोलाबाहेर चाललेला दिसला की तो आदराने ओरडे, "गुंडण्णा, बिडी!"

कन्नडमध्ये बिडी म्हणजे सोडा, हात लावू नका. गुंडूला बाजारातल्या आकड्यांपलीकडे कन्नड येत नव्हते. भर मैदानात हा आपल्या बापाचा धंदा काढतोय असे वाटून त्याचे डोके फिरले, आणि त्या भरात बाहेर चाललेला चेंडू त्याने स्वतःच्याच गोलात ओढून घेतला. असे त्या दिवशी एकदा झाले नाही.

"पुन्यांदा बिडी म्हटलास तर दात पाडीन," मॅच संपल्यावर तो म्हणाला.

"सोडा म्हणालतो की, अण्णा."

"मग मराठीत सांग की रं."

"मराठी पलटणीला बी कळतंय न्हवं?"

ही युक्ती गुंडूला लई पटली. त्या दिवसापासून संघाचे डावपेच कन्नडमध्ये सुरू झाले. संघाकडे डावपेच काही नव्हते, पण होते ते कन्नडमध्ये होते. रोज संध्याकाळी बसाप्पा चेंडू मारी आणि ओरडे. 'हिडी' म्हटले की धरायचा, 'बिडी' म्हटले की हात मागे. हळूहळू गुंडूच्या डोक्याला विचारण्याची गरज उरली नाही. हात आपले आपण ऐकू लागले.

पस्तीस साली गोपाळरावांनी पुण्याहून बूट मागवले. ते घालून आपला संघ एकमेकांच्या अंगावर घसरून पडताना पाहणे हा बेळगावकरांना त्या वर्षीचा मोठा विरंगुळा झाला. मध्यंतरानंतर सगळ्यांनी बूट काढून रेघेवर ओळीने ठेवले. उरलेल्या खेळात मैदानावर शिस्तीत राहिले ते बूटच. छत्तीस साली मात्र संघ जिंकला. समोरच्या संघाची मोटार खानापूरच्या वाटेवर चिखलात रुतली आणि ते आलेच नाहीत. कॉलेजने पेढे वाटले.

इकडे दरवर्षी गुंडू इंटरला नापास होत होता. संघाचा गोलकीपर जाऊ नये म्हणून परीक्षकही आपल्या परीने हातभार लावत होते. शेवटी आण्णाप्पांनी त्याला वखारीत समोर बसवले.

"जिंकलो म्हणतोस, पर ते तर आलंच न्हाईत."

"यंदा पलटणीला हरवतो, आप्पा. जिंकलो तर कॉलेजात खेळ-मास्तर म्हणून ठेवून घ्यायचं कबूल केलंय."

"जिंकलास तर ऱ्हा तिथंच. न्हाय तर वखारीत येऊन बस. तंबाखूला इंटर लागत न्हाय."

वखारीचा गुंडूला मनापासून तिटकारा होता. तिथल्या खकाण्याने त्याला लहानपणापासून शिंका येत. मैदानावर मात्र तो मोकळा श्वास घेई, आणि आयुष्यभर तिथेच उभे राहायला मिळावे एवढेच त्याला हवे होते.

सदतीसच्या मॅचला आण्णाप्पा स्वतः आले. ठेवणीतला फेटा बांधून, सकाळच्या मोटारीने, काखेत एक पिशवी. खुर्ची मिळत असताना ती सोडून ते पोराच्या गोलामागे गर्दीत जाऊन उभे राहिले. आणि काय सांगावे, गुंडू त्या दिवशी खरोखर खेळला. पलटणीने मारलेला प्रत्येक चेंडू त्याने छातीवर, पोटावर, एकदा तर नाकावर घेतला. दोन्हीकडे गोल नाही, वेळ संपत आलेली, आणि अशात बसाप्पाला पलटणीच्या गोलापुढे मोकळी जागा दिसली. तो सगळे सोडून तिकडे धावला.

"कुणाचं पोरगं म्हणायचं हे?" गर्दीत कोणीतरी विचारले.

"आमचं," आण्णाप्पा म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी हा शब्द गुंडूबद्दल असा कधी उच्चारला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला. काय करावे सुचेना, तेव्हा त्यांनी पिशवीत हात घालून बंडले बाहेर काढली आणि फुकट वाटायला सुरुवात केली. बसाप्पाचा चेंडू तेवढ्यात हुकला होता आणि पलटणीच्या एका शिपायाने तो उलट धाडला होता. दमलेला, उड्या मारत येणारा साधा चेंडू. गुंडू वाकला, हात पुढे केले, आणि मागून आनंदाने फुटलेला आवाज आला, "बिडी! बिडी!"

हात मागे गेले. चेंडू त्याच्या पायांमधून सावकाश आत गेला.

गुंडूने वळून पाहिले. हातात बंडल तसेच धरून आण्णाप्पा उभे होते, आणि त्यांचा चेहरा त्याच्याहून पडला होता.

संध्याकाळच्या मोटारीने दोघे निपाणीला निघाले. कोगनोळीचा एक ओळखीचा व्यापारी पुढे बसला होता. त्याला आण्णाप्पा सारी मॅच सांगत होते, एकही चेंडू न गाळता. शेवटच्या चेंडूपाशी ते थांबले आणि गुंडूकडे वळले.

"हातातला बॉल सोडलास कसा रं?"

गुंडूला जोराची शिंक आली. पिशवीत उरलेली बंडले त्याच्याच मांडीवर होती.

"ऊन डोळ्यावर आलं, आप्पा," तो म्हणाला.

"व्हय, मला बी तसंच वाटलं," आण्णाप्पा म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या चेंडूपासून सांगू लागले.