कॉपिअरची खंडेनवमी

ऑफिस बंद झालं तेव्हा कुणी खुर्ची नेली, कुणी भिंतीवरचं घड्याळ नेलं. मी कॉपिअर आणला. अंधेरीहून टेम्पोत घालून मुलुंडला. लिफ्टमध्ये तो मावला, मी मावलो नाही, म्हणून मी जिन्याने धावत वर गेलो.

"हे काय आहे?" बायकोने दारातच विचारलं.

"हा स्कॅन करून थेट ईमेल करतो."

"कुणाला?"

एवढा साधा प्रश्न मला टेम्पोवाल्यानेही विचारला नव्हता.

बाल्कनीत माझी व्यायामाची सायकल होती. तीही मी अशीच हौसेने आणली होती आणि आता तिच्यावर टॉवेल वाळायचे. त्यामुळे कॉपिअरला जागा उरली हॉलच्या खिडकीजवळची, जिथे आईची खुर्ची असायची. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात सरकली. त्या खिडकीतून आईला सोसायटीचं गेट दिसायचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी, हे सगळं दिसायचं. आता तिला फक्त कुकर दिसत होता.

दोन दिवस हे पाहून बायकोने वहीतलं पान फाडलं आणि करार लिहिला. "दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत या यंत्राने एक ईमेल पाठवून दाखवावा. न पाठवल्यास दुसऱ्या दिवशी भंगारवाला." खाली माझी सही घेतली. भंगारवाल्याला फोनही करून ठेवला.

दसऱ्याला आठ दिवस होते. मी म्हटलं, झकास, आठ मिनिटांचं काम आहे.

यंत्राने सर्व्हरचं नाव मागितलं, ते दिलं. पोर्ट मागितला, तोही दिला. माझा पासवर्ड मात्र मेलवाल्यांनी नाकारला. यंत्रांसाठी वेगळा पासवर्ड घ्या म्हणाले. तो निघाला सोळा अक्षरांचा. ही सोळा अक्षरं यंत्राच्या छोट्या पडद्यावर टोचत टोचत टाकायची, आणि बाराव्या अक्षराला मी चष्मा पुसायला थांबलो की यंत्र झोपी जायचं. जागं झालं की पुन्हा पहिल्यापासून. राउटर बेडरूममध्ये होता. त्याची केबल दारातून आणल्याने दार लागेना. बायको म्हणाली, "अरे, ईमेल सोड, आधी दार लावून दाखव."

शेवटी सगळं नीट भरलं, तरी उत्तर एकच: पाठवता आलं नाही. मी चिडून यंत्राच्या पोटावर चापट मारली. त्याने एक कोरा कागद बाहेर टाकला.

खंडेनवमीच्या सकाळी मी आंघोळ करून आलो तर आईने यंत्राची पूजा मांडलेली. कोपऱ्यावर झेंडू, पुढे उदबत्ती. आमच्याकडे या दिवशी सुरी, कात्री, पाना, सगळ्यांची पूजा होते. झाकण उघडून आतल्या काचेवर तिने ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

"आई, काचेवर कशाला?"

"तोंड तेचा थंयच आसा मां," ती म्हणाली. "आणि आज तेका हात लावू नको हां. पूजा झाली हा."

पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम मला ठाऊक होता. पण आठातले सात दिवस वाया गेलेले, वाट लागली होती. मी हात मागे बांधून घरभर फिरत राहिलो.

तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर रोज वाचणारी माझी आई यंत्राच्या पडद्यापाशी वाकली. "रे, ह्या खयच्या तारखेर आसा? हेच्या हिशोबान तर आज एक जानेवारी."

मी पाहिलं. महिनाच नव्हे, वर्षही जुनंपुराणं. वीज काढल्यावर यंत्राचं घड्याळ मागे गेलं होतं, आणि तारीख चुकली की मेलवाले दार उघडत नाहीत. मला आईला उचलून घ्यावंसं वाटलं. यंत्राला मात्र हात लावता येत नव्हता.

दसऱ्याला सकाळी तारीख बदलली. स्कॅन करायला हाताशी होता तो करारच. काचेवर स्वस्तिक तसंच होतं, आई पुसू देईना. वरून कागद ठेवला की झाकलं जाईल, असं मला वाटलं. यंत्र खालून बघतं, हे तेवीस वर्षं त्याच्याशेजारी बसूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. यादीतला पहिला पत्ता दाबला. 'पाठवले'! मी ओरडलोच.

पहिला पत्ता होता 'सर्व कर्मचारी'. अनुभवाचे दाखले मिळावेत म्हणून शेवटच्या महिन्यात सगळ्यांनी आपापले घरचे ईमेल पत्ते त्यात भरून ठेवले होते.

दहा मिनिटांत फोन सुरू झाले. लाल स्वस्तिक, खाली वळणदार अक्षर, दसऱ्याची संध्याकाळ. निम्म्यांना ते आमंत्रण वाटलं. उरलेल्यांनी नीट वाचलं आणि ते तर येणारच म्हणाले.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन अकराजण आले. चेंबूरहून, दिंडोशीहून. आमच्या हेडक्लार्क बाईंनी सोन्याचं पहिलं पान कॉपिअरवर ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. "मेला रोज कागद अडकवायचा," त्या म्हणाल्या.

मग मलाही राहवेना. तेवीस वर्षांनंतर घरी नुसते हात हलवत यायला मला लाज वाटली होती, म्हणून आणला, हे मी सगळ्यांसमोर बोलून गेलो. बायको चहा गाळता गाळता थांबली. मग पहिला कप तिने मला दिला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. मी करार घेऊन दारात उभा राहिलो, मेल गेलाय म्हणून सांगायला. बायकोने मला बाजूला केलं आणि त्याला सरळ बाल्कनीत नेलं.

तो सायकल घेऊन गेला. कॉपिअर बाल्कनीत सरकला आणि आईची खुर्ची पुन्हा खिडकीत आली. चौथ्या मजल्यावरच्यांकडे नवीन मिक्सर आलाय, हे आम्हाला दुपारपर्यंत कळलं.

टॉवेल आता कॉपिअरवर वाळतात.