सोजरबाईंच्या चुलीपाशी वजनकाटा

बेल्याजवळच्या आमच्या गावात सोजरबाई अंगणवाडी चालवायच्या. आवाज असा की एका हाकेत दोन गल्ल्यांतली पोरं गोळा व्हायची. म्हणूनच १९९१ च्या हिवाळ्यात जिल्ह्याहून भगवंतराव वजनकाटा घेऊन आले, तेव्हा लेकरं जमवायचं काम त्यांनी बाईंवर सोपवलं.

भगवंतरावांना इथल्याच मुलांवरून वाढीचा तक्ता करायचा होता. कपाशी-ज्वारीच्या या गावांत पोटभर खाणारं, निरोगी लेकरू कोणत्या वयात किती भरतं, ते आधी कळायला हवं. मग त्याच्याशी ताडून अशक्त कोण, ते ठरणार.

बाईंनी हाक दिली. कडुनिंबाला काटा टांगला. झोळीत एकामागून एक मुलं बसली, सगळी हाडकुळी. दुपारी भगवंतरावांनी पेन खिशाला लावलं.

“बाई, गावात एकही गुटगुटीत लेकरू नाही?”

“हायेत ना. पण वजनाले अशक्तच आणतेत. तब्येतीच्या लेकराचं वजन चारचौघांत कोन बोलू देईन? नजर नाही लागत?”

“मग तक्ता चुकणार. या मुलांनाच निरोगी धरलं, तर प्रयागबाईंचा दिगांबरही ठणठणीत ठरेल. अशक्त म्हणून मिळणारा त्याचा जास्तीचा खाऊ बंद.”

प्रयागबाई दिगांबरला कडेवर घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्या खाऊवर पोरगा आत्ता कुठं पाय टाकू लागला होता.

“वा सोजरबाई! माह्या लेकराचा घास जाऊन राह्यला, अन् तुमी आपली नात घरात लपवून बसल्या?”

नात खरंच घरात होती, गोधडीखाली. बाईंनीच ठेवली होती. त्यांनी झाडावरचा काटा स्वतः सोडला आणि घराकडे निघाल्या.

“चाला भगवंतराव. माह्या सैपाकघरात टांगा.”

सून रेणुकाबाई दारात आडव्या आल्या. “आत्याबाई, पोरीले काई झालं तं?”

“मी हाय ना. अन् भगवंतराव, आकडा तोंडातून काढाचा नाही. गुपचूप लिहा.”

दार लोटलं. नातीचं वजन झालं, कुणी चकार शब्द काढला नाही. मग बाईंनी मीठ-मोहऱ्या नातीवरून उतरवून चुलीत टाकल्या. तडतड बाहेर ऐकू गेली आणि खिडकीला कान लावून उभ्या असलेल्या बायका घरोघरी पळाल्या, झाकून ठेवलेली लेकरं आणायला. संध्याकाळपर्यंत मीठ दोनदा मागवावं लागलं.

तक्ता वर्षभरानं आला. दिगांबर निरोगी मुलांच्या रेषेखालीच भरला, म्हणून खाऊ चालू राहिला. पुढच्या दिवाळीनंतर एकदा काटा पाहून सोजरबाईंनी नेहमीसारखा आवाज चढवला, “प्रयागबाई, तुहा दिगांबर रेषेच्या वर...”

प्रयागबाईंनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोला ना माय! अन् मीठ कुठं हाय?”