चंपामावशीचं आल्याचं विरजण

व्हिस्की प्यायला माणसाला आजी लागते, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. बर्फ लागतो, सोडा लागतो, शेंगदाणे लागतात, एवढं ऐकून होते. पण आमच्या शेजारच्या बंगल्यात शनिवार-रविवारी जी मंडळी गाड्या भरभरून येतात, त्यांना घोटाबरोबर आजीही हवी असते. ती नऊवारीतली आणि हयात नसलेली असली म्हणजे उत्तम, कारण मग ती काही बोलायला येत नाही.

बंगला विहंगचा. मी तळेगावच्या शाळेत शिकवत असताना हा माझ्या वर्गात होता. दुसऱ्याच्या वहीतला निबंध आपला म्हणून खणखणीत आवाजात वाचायची सवय त्याला तेव्हापासूनची. तेव्हा तो मला बाई म्हणायचा, आता टीचर म्हणतो. निवृत्त झाल्यावर शांतता हवी म्हणून मी लोणावळ्याला तुंगार्लीत घर घेतलं, आणि चार वर्षांनी याने नेमका शेजारचा बंगला घेऊन तो पर्यटकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. माझं नशीबच तसलं.

या बंगल्यात स्वयंपाकाला चंपामावशी होती. परंदवडीची, साठीला टेकलेली, काटक आणि तोंडाने फटकळ. त्याआधी तिने खंडाळ्याला एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे अठरा वर्षं काढली होती. त्या बाई घरी जिंजर बियर करायच्या. नाव मोठं, बाकी प्रकार साधा. बरणीत किसलेलं आलं, साखर आणि पाणी घालायचं, रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर वाढवत जायची. पाच-सहा दिवसांनी बरणी बुडबुडायला लागते. चंपामावशी त्याला विरजण म्हणते, आणि ते विरजणच आहे. आलं उकळून गार केलेल्या पाण्यात साखर, लिंबू आणि हे विरजण घालून बाटल्या भरल्या, की तीन दिवसांत बूच उडेल असा फेस धरतो. पारशीणबाई रोज संध्याकाळी त्याच्या पेल्यात दोन चमचे व्हिस्की घालायच्या, गुडघ्यांसाठी म्हणून. गुडघे काही सुधारले नाहीत, पण बाई एक्क्याण्णव वर्षं जगल्या.

त्या गेल्या तेव्हा भाचे आले. त्यांनी पियानो नेला, चांदी नेली, पडद्यांच्या दांड्यासुद्धा उपटून नेल्या. बरणी उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाले, “ही फेकून दे.” चंपामावशीने ती पदराखाली घेतली आणि परंदवडीला आणली. त्याला आता बारा वर्षं झाली. एकही दिवस तिने बरणीला उपाशी ठेवलं नाही. तिचे यजमान जानूभाऊ यांची एकच तक्रार असते, “आमच्या घरात पैला घास बरणीचा.”

विहंगच्या बंगल्यात तिने हे कशाला आणलं? तर एका पाहुणीला अजीर्ण झालं म्हणून. घाट चढून आलेल्या त्या बाईने अर्धी बाटली प्यायली, आणि तिच्या नवऱ्याने उरलेल्या अर्ध्या बाटलीत व्हिस्की ओतली. झालं! बंगल्यात नुसता जल्लोष. दुसऱ्या आठवड्यात विहंगने तांब्याचे दोन डझन पेले आणले. चंपामावशीने पेला आतून बघितला आणि म्हणाली, “दादा, याला कल्हई न्हाई. यात लिंबू पिळू नगा, कळकंल.” विहंग म्हणाला, “मावशी, हा लुक आहे.” त्या लुकमध्ये लिंबू पिळून मंडळी प्यायली. दोन माप व्हिस्की, मूठभर बर्फ, अर्धं लिंबू, वरून चंपामावशीचा फेस आणि त्यात पुदिन्याची काडी खोचलेली. एवढ्या कामासाठी पाहुण्यांना ॲप्रन बांधून रांगेत उभं करायचं आणि त्याला ‘घरच्या घरी कॉकटेल’ म्हणायचं. चांगली शिकलेली, पदांवरची माणसं, आणि आलं किसायला सांगितलं तर किसणी उलटी धरतात. तो मूर्खपणा मी व्हरांड्यातल्या खुर्चीवरून दर शनिवारी पाहिलाय. मला व्हिस्कीशिवायचा पेला मिळायचा.

मग आलं कार्ड. प्रत्येक पेल्याखाली ठेवायचं जाडसर कार्ड. त्यावर लिहिलं होतं की हे पेय विहंगची आजी इंदुरीला, किल्ल्याजवळच्या घरात करायची. खाली ‘आजीचे नियम’. बरणीला लाकडी चमचाच लावायचा. बरणीशी खोटं बोलायचं नाही. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर द्यायचं नाही. छापण्याआधी त्याने तो मजकूर मला आणून दाखवला. “टीचर, शुद्धलेखन बघता का?” मी लाल पेन काढलं.

त्याच्या आजीला मी चांगली ओळखत होते. इंदुरीशी त्यांचा संबंध एवढाच, की एकदा त्यांची एसटी तिथे बंद पडली होती. खोकल्याच्या औषधावर अल्कोहोल लिहिलेलं दिसलं म्हणून बाटली दुकानात परत पाठवणारी ती बाई. नातवाने तिला व्हिस्कीच्या पेल्याखाली घातलं.

चंपामावशीने त्याच्याकडे एकदाच काही मागितलं, तेही माझ्यादेखत.

“दादा, त्या कार्डावर माजं नाव टाका की. मोटं नगं. खाली बारीक चाललं.”

विहंग हसला. “अहो मावशी, लोकांना आजी लागते. स्वयंपाकीण तर त्यांच्या घरीही असते.”

ती पेले विसळत राहिली. पंधरा दिवसांनी विहंगने तिला सांगितलं की आता त्याला सगळं जमतं, तिने घरी आराम करावा. तिने विचारलं, “आन् बरणी?” तो म्हणाला, “ती इथंच राहू दे. पाहुण्यांना दाखवायला लागते.” बारा वर्षं जगवलेली बरणी ओट्यावर ठेवून ती निघून गेली. मला इतका संताप आला की त्या शनिवारी मी पेला अर्धाच प्यायले.

पुढे जे झालं ते त्याच्यासारख्यालाच सुचेल. एका पाहुणीने बरणीतला पांढरा थर पाहून विचारलं, हे स्वच्छ असतं ना? विहंग घाबरला. आमच्या घरांतून शंका आली की काय करतात? उकळतात. त्याने सगळी बरणी पातेल्यात उपडी केली आणि दुधासारख्या तीन उकळ्या काढल्या. मग त्या मेलेल्या पाण्याने बाटल्या भरल्या. चौथ्या दिवशी बूच काढलं तर साधा सुस्कारासुद्धा निघाला नाही.

तो बुधवार होता. शनिवारी दुपारी पुण्याच्या एका कंपनीची वीस माणसं कॅमेरा घेऊन येणार होती, आजीची गोष्ट टिपायला. फेसाला तीन दिवस लागतात. विहंग धावत माझ्याकडे आला. “टीचर, मावशी तुमचं ऐकतील, चला ना.” मी गेले. मला त्याचं तोंड बघायचं होतं, खोटं कशाला बोलू?

परंदवडीला पोहोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. चंपामावशी दारातच मेथी निवडत होती. आत फळीवर दुसरी बरणी होती, पहिलीची जुळी. एकाच भांड्यात विरजण ठेवून घराबाहेर पडणारी बाई मी अजून पाहिलेली नाही, पण हे विहंगच्या कार्डावर नव्हतं.

“मावशी, वाटीभर विरजण द्या.”

“बरणी हाय की तुमच्याकडं.”

“ती… उकळली.”

“उकाळली? दूद व्हतं व्हय त्ये?”

विहंगने मान खाली घातली. तिने बाहेर पाहिलं. समोर बुद्धविहाराचा दिवा लागला होता.

“दिवं लागलं, दादा. तिन्हीसांजेला विरजण घराभाईर जात न्हाई.”

“मावशी, तुम्ही असलं मानता?”

“मी? आमच्यात न्हाई पाळत असलं कायबी. तुमची आजी पाळती ना. छापलंय तुमी.”

“अहो, पण उद्या दिलंत तर शनिवारी फेस येणार नाही!”

“उद्या सकाळी या. भांडंभर देते, फुकाट देते. आज पायजेल तर आजीकडनं घ्या.”

विहंगने माझ्याकडे वळून पाहिलं. “टीचर, तुम्ही तरी सांगा.”

“मावशी बरोबर बोलतेय,” मी म्हणाले. एवढं गोड वाक्य मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. तो पाय आपटत गाडीकडे गेला. मी मात्र उंबऱ्याशी थांबले. आता आम्ही दोघी मिळून मनसोक्त हसू, अशी माझी अपेक्षा होती.

चंपामावशी आत गेली, बरणीचं फडकं सोडलं, चमचाभर आलं घातलं, साखर घातली आणि हळूहळू ढवळत राहिली. ती हसली नाही.

“बाई, माजी सातवी झालीया. वाचता येतं मला,” ती म्हणाली. “त्यो कागद छापायच्या आदी ओट्यावर पडला व्हता. तुमच्या लाल पेनाच्या खुना व्हत्या त्यावर. त्याच्या आजीला तर तुमी वळखत व्हता.”

“हो.”

“बारीकसारीक समदं सुदारलंत. त्येवढी आजी ऱ्हाऊ दिलीत.”

तिने बरणीचं तोंड बांधलं आणि पुन्हा मेथी निवडायला बसली. ‘बसा’ असं ती मला म्हणाली नाही. मी गाडीत जाऊन विहंगच्या शेजारी बसले.