मावशींचं यंत्र

निवृत्त नर्स असलेल्या मावशींना रानात लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळाचा भारी नाद. वाट दाखवणारं स्वस्तातलं जीपीएस यंत्र घ्यायला त्या भाच्यासोबत दुकानात गेल्या.

दुकानदार भाच्यालाच म्हणाला, "आजींना बोटाने चालणाऱ्या मोठ्या रंगीत पडद्याचं घ्या. त्यांना सोपं पडेल."

मावशींचा पारा चढला. "अहो, चालणार मी आहे! माझ्याशी बोला. ओल्या बोटांना तुमचा पडदा दाद देत नाही. मला साधं, बटणांचं, सेलवर चालणारं द्या."

त्या यंत्राने रविवारी त्यांना टेकडीवरच्या झाडापाशी नेलं. पुढे यंत्रातला दिशेचा काटा गोंधळला, तेव्हा मावशींनी मुळांत हात घालून डबी काढली.

दुकानदारावरचा राग मात्र उतरला नाही. यंत्राचे सेल संपले, तेव्हा नवे घ्यायला त्या मुद्दाम दुसऱ्या दुकानात गेल्या.